ईआरसीपी करायची आहे? सही करण्यापूर्वी आणि घरी आल्यावर

पित्ताच्या नळीत खडा अडकला आहे, ईआरसीपी करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की घरचे आधी खर्चाचे विचारतात, मग टाक्यांचे. पोटावर चीर नाही, टाके नाहीत, तोंडातून दुर्बीण घालून काम होते आणि बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, हे ऐकले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग संमतिपत्र येते. ते बहुधा इंग्रजीत असते, अक्षर बारीक असते आणि वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन दारात उभा असतो. सही होऊन जाते. ती सही समजून व्हावी आणि पुढच्या दोन आठवड्यांत घरच्यांचे कशावर लक्ष असावे ते कळावे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी कुणाला घाबरवायला बसलेलो नाही. योग्य रुग्णात ईआरसीपी जीव वाचवते. पूर्वी नळीतल्या खड्यासाठी पोट उघडावे लागे. १९६८ साली अमेरिकेत विल्यम मॅक्यून यांनी दुर्बिणीतून या नळ्यांच्या तोंडात औषध सोडून त्यांचा एक्स-रे काढला. पुढे १९७४ साली जर्मनीतील एर्लांगेन आणि जपानमधील क्योटो इथे त्या तोंडाचा स्नायू दुर्बिणीतूनच कापण्याचे तंत्र निघाले आणि खडे पोट न उघडता काढता येऊ लागले. आज मोठ्या शहरांतल्या बऱ्याच रुग्णालयांत हे रोजचे काम आहे. पण रोजचे आहे म्हणून ते साध्या एंडोस्कोपीइतके निर्धोक ठरत नाही. दुर्बिणीतून होणाऱ्या नेहमीच्या तपासण्या आणि उपचारांत सर्वाधिक जोखमीचे म्हणून जे मोजले जातात त्यांत ईआरसीपी येते.

जोखीम का, हे शरीराची रचना पाहिली की लगेच उमगते. यकृतातून पित्त आणणारी नळी आणि स्वादुपिंडातून पाचक रस आणणारी नळी, या दोन्ही बहुतेकांमध्ये लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात एकाच बारीक उंचवट्यावर उघडतात. डॉक्टरांना जायचे असते पित्ताच्या नळीत, पण शेजारीच स्वादुपिंडाचे तोंड असते. दुर्बिणीतून घातलेली बारीक तार दोन-चारदा तिकडे गेली, तिथे औषध शिरले किंवा वारंवार प्रयत्न करून तो उंचवटा सुजला, की स्वादुपिंडाचा रस बाहेर पडायला अडथळा होतो आणि स्वादुपिंडाला सूज येते. पँक्रिआटायटिस म्हणतात तो हाच. ईआरसीपीनंतर सर्वांत जास्त आढळणारी गुंतागुंत हीच आहे.

आकड्यांत सांगायचे तर शंभरातल्या सुमारे तीन ते दहा जणांना हा त्रास होतो. त्यांतले बहुतेक दोन-तीन दिवस सलाईनवर राहून बरे होतात. थोड्यांना मात्र तो गंभीर होतो, आयसीयू लागते, आठवडे जातात आणि क्वचित जीवही जातो. स्नायू कापल्यावर रक्तस्राव शंभरात एक-दोघांना होतो, आतड्याला किंवा नळीला छिद्र पडणे शंभरात एकाहूनही कमी, जंतुसंसर्ग एक ते तीन जणांना. १९९६ साली अमेरिका आणि कॅनडातील २३४७ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्नायू कापलेल्यांपैकी ९.८ टक्के लोकांना कोणती ना कोणती गुंतागुंत झाली होती, त्यात स्वादुपिंडाची सूज ५.४ टक्के. साधने आणि हात तेव्हापासून सुधारले, पण ही सूज अजून पूर्णपणे टाळता आलेली नाही.

हे सरासरीचे आकडे झाले. तुमच्या घरातल्या माणसाची जोखीम त्याहून बरीच कमी किंवा बरीच जास्त असू शकते, आणि माझ्या मते सही करण्यापूर्वी सर्वांत महत्त्वाची बोलणी याचीच व्हायला हवीत. सत्तरीच्या एका आजोबांना गडद कावीळ आहे, नळी फुगलेली आहे, सोनोग्राफीत खडा स्पष्ट दिसतो. त्यांना स्वादुपिंडाची सूज येण्याची शक्यता तुलनेने कमी, आणि उपचार न केल्याचा धोका प्रचंड. दुसरीकडे पस्तिशीची एक बाई आहे. पित्ताशय काढून वर्ष झाले, अधूनमधून उजव्या बरगडीखाली दुखते, पण बिलिरुबिन (रक्तातली कावीळ) नॉर्मल, नळी बारीक, खडा कुठेच दिसत नाही. ‘एकदा आत बघून घेऊ’ म्हणून तिची ईआरसीपी केली, तर सूज येण्याची शक्यता कितीतरी अधिक आणि सापडणार बहुधा काहीच नाही. तरुण वय, स्त्री असणे, रक्तातली कावीळ नॉर्मल असणे, पूर्वी कधी स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली असणे, नळीत शिरायला अवघड जाणे, या सगळ्या गोष्टी जोखीम वाढवतात आणि एकत्र आल्या की ती फारच वाढते. या तंत्राच्या पायाभरणीत ज्यांचा मोठा वाटा आहे त्या पीटर कॉटन यांनी २००१ मध्ये एका लेखात हेच बजावले होते : ज्यांना या प्रक्रियेची गरज सर्वांत कमी, त्यांच्यासाठीच ती सर्वांत धोकादायक. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशाच २१४ रुग्णांपैकी काहींचा स्नायू खरोखर कापला आणि काहींचा न कापता नुसती प्रक्रिया केली. दुखण्यात कापलेल्यांना काहीही जास्त फायदा दिसला नाही.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा : आत खडा किंवा अडथळा आहे हे नक्की कशावरून ठरले? केवळ निदानासाठी ईआरसीपी करण्याचे दिवस संपले आहेत. एमआरसीपी म्हणजे एमआरआय यंत्रावर काढलेले नळ्यांचे चित्र, आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला बसवलेली सोनोग्राफी. या दोन्हींतून खडा दिसतो आणि स्वादुपिंडाला धक्काही लागत नाही. एमआरसीपीचे पाच-सात हजार वाचवायला म्हणून थेट ईआरसीपी करणे हा खोटा हिशेब आहे. मात्र सोनोग्राफीतच नळीतला खडा दिसतो आहे, किंवा थंडी वाजून ताप आणि कावीळ एकत्र आहे, किंवा नळी फुगलेली असून बिलिरुबिन ४ च्या वर गेले आहे, अशा वेळी आणखी तपासण्यांत दिवस घालवणे चूक ठरू शकते.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कावीळ म्हटली की अजूनही गावोगावी माणूस आधी औषध घ्यायला जातो ते कावीळ उतरवणाऱ्याकडे. विषाणूमुळे झालेली कावीळ बऱ्याचदा आपोआप ओसरते आणि त्याचे श्रेय त्या औषधाला मिळते. नळीत अडथळा असला की ती ओसरत नाही. अंगाला खाज सुटते, शौचाचा रंग पांढरट होतो, लघवी गडद होते. त्यात हुडहुडी भरून ताप आला तर नळीत पू होतो आहे असे समजावे. अशा रुग्णाला ईआरसीपी करून नळी मोकळी करायची ती शक्यतो एक-दोन दिवसांत. पंधरा दिवस पथ्य करून शेवटी रक्तदाब खाली गेलेल्या अवस्थेत तो टेबलावर आला, तर मग जे बिघडते त्याला ईआरसीपीची गुंतागुंत म्हणणे बरोबर नाही.

प्रक्रिया ठरली की घरातल्या सगळ्या गोळ्यांची यादी कागदावर लिहून न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा विषय यात सर्वांत नाजूक. ॲस्पिरिन बहुतेकदा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवावी लागते, वॉर्फरिन सुमारे पाच दिवस, आणि नव्या गोळ्या, म्हणजे एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान, दोन-तीन दिवस. हे आकडे वाचून आपल्या मनाने गोळी बंद मात्र करू नका. हृदयात नुकताच स्टेंट बसलेला असेल किंवा कृत्रिम झडप असेल तर गोळी थांबवणे हे रक्तस्रावाहून घातक ठरू शकते. हृदयाचे डॉक्टर आणि ईआरसीपी करणारे डॉक्टर यांनी मिळून ठरवायचे, आणि ते त्यांच्याकडून फाइलवर लिहून घ्यायचे. गोळी थांबवता येत नसेल आणि वाट पाहणेही शक्य नसेल, तर स्नायू न कापता नळीत नुसता स्टेंट ठेवून तात्पुरती सुटका करता येते. खडा नंतर काढता येतो. हा पर्याय आहे हे माहीत असलेले बरे.

पूर्वी जठराचे किंवा वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले असेल तर ते जरूर सांगा, कारण वाट बदललेली असते आणि आतड्याला छिद्र पडण्याचा धोका वाढतो. मूत्रपिंडाचा आजार, दुखण्याच्या गोळीची ॲलर्जी, पेसमेकर, गरोदरपण, मधुमेहाच्या औषधांच्या वेळा, हेही सांगायचे. गरोदरपणात ईआरसीपी करता येते, पण खरोखर टाळता येत नसेल तरच, आणि एक्स-रे कमीत कमी वापरून. आदल्या रात्रीपासून किंवा सांगतील त्या वेळेपासून उपाशी राहायचे, यात ‘एक घोट चहाने काय होते’ असे करू नका. रुग्णाला भूल देऊन बऱ्याचदा पालथे झोपवलेले असते. पोटात काही असले तर ते फुफ्फुसात जाऊ शकते. कवळी काढून ठेवा.

आता सूज टाळण्यासाठी काय करता येते ते. इंडोमेथॅसिन किंवा डायक्लोफेनॅकची १०० मिलिग्रॅमची गोळी गुदद्वारात ठेवणे, इतका साधा आणि स्वस्त उपाय आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जास्त जोखीम असलेल्या ६०२ रुग्णांपैकी निम्म्यांना इंडोमेथॅसिन दिले. न दिलेल्यांत सूज आली १६.९ टक्के लोकांना, दिलेल्यांत ९.२ टक्के. काही हजारांच्या प्रक्रियेत ही गोळी किरकोळ किमतीची असते. ‘प्रक्रियेच्या वेळी ही गोळी देणार आहात ना?’ असे विचारायला संकोच करू नका. ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ती देत नाहीत. मग भरपूर रिंगर लॅक्टेट सलाईन देतात. त्यानेही सूज येण्याचे प्रमाण कमी होते, फक्त हृदय आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत बेताने. तार पुन्हा पुन्हा स्वादुपिंडाच्या नळीत जात असेल, तर अनुभवी डॉक्टर तिथे एक छोटा प्लास्टिकचा स्टेंट ठेवून रस वाहता ठेवतात. हा स्टेंट ठेवला आहे का, ते प्रक्रियेनंतर विचारा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

डॉक्टर कोण, याचा प्रश्न आपल्याकडे भिडेपोटी विचारला जात नाही. तो विचारावा. ही प्रक्रिया वर्षात किती वेळा करता, नळीत शिरण्यात यश किती, हे विचारणे उद्धटपणा नाही. पूर्वी कधी न कापलेल्या तोंडातून ९० टक्क्यांहून जास्त वेळा नळीत जाता आले पाहिजे, अशी अपेक्षा जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्याहून जास्त मोलाचा प्रश्न असा : रात्री दोन वाजता पोट दुखायला लागले तर कोण बघणार? जिल्ह्याच्या गावांत ईआरसीपी करणारे डॉक्टर आठवड्यातून एकदा बाहेरून येतात, दुपारी चार-पाच केसेस करतात आणि संध्याकाळी परततात. त्यांच्या कौशल्याबद्दल शंका नसली, तरी मागे सीटी स्कॅन, आयसीयू आणि पोटाचे सर्जन हाताशी आहेत का, हे पाहायलाच हवे. नसतील तर तातडी नसलेल्या रुग्णाला मोठ्या केंद्रात नेणे शहाणपणाचे. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून चौकशी करा.

दुर्बिणीच्या स्वच्छतेबद्दलही दोन वाक्ये. या दुर्बिणीच्या टोकाला तार वळवण्यासाठी एक हलणारी बारीक पट्टी असते आणि तिच्या मागच्या फटीत घाण अडकून राहते. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए रुग्णालयात अशा दुर्बिणींमधून औषधांना न जुमानणारे जंतू सात रुग्णांना लागल्याचे आणि त्यांतले दोघे दगावल्याचे उघड झाले. त्यानंतर टोक काढून टाकता येणाऱ्या, तसेच एकदाच वापरायच्या दुर्बिणी निघाल्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जुन्याच पद्धतीच्या दुर्बिणी नीट धुऊन, निर्जंतुक करून वापरतात. रुग्णाला ते तपासता येत नाही, पण प्रत्येक केसनंतर पूर्ण प्रक्रिया होते का आणि तिची नोंद ठेवतात का, हे विचारता येते. एका दुपारी एकाच दुर्बिणीवर घाईघाईने केसेस उरकत असतील तर मला त्याची धास्ती वाटेल.

प्रक्रिया झाली, रुग्ण वॉर्डात आला. घसा खवखवणे, थोडे पोट फुगणे, ढेकरा येणे, हे चालते. पुढचे सहा ते चोवीस तास लक्ष ठेवायचे ते दुखण्यावर. स्वादुपिंडाच्या सुजेचे दुखणे ओळखता येते. बेंबीच्या वर सुरू होते, सरळ पाठीत जाते, आडवे पडले की वाढते, पुढे वाकून बसले की जरा बरे वाटते. उलट्या होतात. रुग्ण पाय पोटाशी घेऊन बसतो, बोलायला नको म्हणतो. याच वेळी नातेवाईक ‘सकाळपासून उपाशी आहेत, पित्त झाले असेल’ म्हणून चहा-बिस्किट पुढे करतात आणि कुणीतरी ॲसिडिटीची गोळी देते. असे करू नका. नर्सला बोलवा, डॉक्टरांना कळवा, ॲमायलेज किंवा लायपेज तपासायला सांगा. दुखते आहे आणि हा आकडा नेहमीपेक्षा तिपटीहून जास्त आहे, तर सूज आहे असे धरून उपचार सुरू होतात. उलट काहीही दुखत नसताना केवळ आकडा वाढलेला दिसला तर घाबरायचे कारण नाही, ईआरसीपीनंतर तसे पुष्कळांत होते.

त्याच संध्याकाळी घरी सोडले आणि घर दोन-तीन तासांच्या अंतरावर असेल, तर ती एक रात्र शहरातच कुणाकडे तरी काढा. बरेच नुकसान प्रवासात आणि ‘सकाळी बघू’ म्हणण्यात होते.

पोट लाकडासारखे कडक होणे, दुखणे वाढतच जाणे, नाडी जलद चालणे, मानेला किंवा छातीला सूज येऊन दाबल्यावर चुरचुरणे, ही आतड्याला छिद्र पडल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी साध्या एक्स-रेवर समाधान मानू नये, सीटी स्कॅन लागतो. लवकर कळले तर अनेकदा ऑपरेशनशिवाय, दुर्बिणीतूनच किंवा औषधांवर निभावते. एक दिवस गेला की परिस्थिती बदलते.

रक्तस्राव लगेचच होईल असे नाही. स्नायू कापल्यावर एक-दोन आठवड्यांपर्यंत तो होऊ शकतो, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू केल्यावर. डांबरासारखी काळी, चिकट शौच, उठल्यावर चक्कर, छातीत धडधड, असे झाले की रुग्णालय गाठा. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती चिकट आणि उग्र वासाची नसते आणि चक्करही येत नाही. घरी आल्यावर थंडी वाजून ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका. नळी पूर्ण मोकळी झालेली नसेल किंवा स्टेंट तुंबला असेल.

नळीतला खडा निघाला तरी खडे तयार होतात ते पित्ताशयात, आणि ते जागेवरच असते. दुखणे थांबले की लोक ऑपरेशन पुढे ढकलतात : पेरण्या होऊ दे, लग्न होऊ दे. प्रकृती ठीक असेल तर पित्ताशय त्याच भरतीत किंवा दोन आठवड्यांच्या आत काढणे योग्य. उशीर झाला की पुन्हा खडा सरकतो, पुन्हा कावीळ, कधी स्वादुपिंडाची सूज, आणि पुन्हा ईआरसीपी, म्हणजे पुन्हा तीच सगळी जोखीम.

शेवटी स्टेंटबद्दल. माझ्या मते आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होते. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ असते, की स्टेंट ठेवला आहे. ती कुणी वाचून दाखवत नाही. बरे वाटत असते, कार्ड कपाटातल्या पिशवीत जाते. पित्ताच्या नळीतला प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांनी काढावा किंवा बदलावा लागतो. तो वर्षानुवर्षे राहिला तर तुंबतो, त्याच्याभोवती नवे खडे धरतात, तो सरकतो, आणि एक दिवस रुग्ण हुडहुडी भरून बेशुद्धावस्थेत येतो. धातूचा स्टेंट जास्त काळ टिकतो, पण तोही कोणत्या कारणासाठी आणि किती दिवसांचा, हे विचारावेच लागते. स्वादुपिंडाच्या नळीत ठेवलेला छोटा स्टेंट बहुधा आपोआप पडतो. तो पडला का, हे पाच ते दहा दिवसांत पोटाच्या एक्स-रेवर पाहून घ्यायचे, नसेल पडला तर दुर्बिणीतून काढायचा. स्वादुपिंडाजवळ साठलेले पाणी किंवा पू जठरात काढून देण्यासाठी जो रुंद धातूचा स्टेंट बसवतात, तो तर तीन-चार आठवड्यांतच काढावा लागतो. तसाच राहिला तर मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

घरी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या : कुठे, कशाचा, कोणत्या तारखेला ठेवला आणि कोणत्या तारखेपर्यंत काढायचा. त्या कागदाचा फोटो घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये असू द्या आणि काढायची तारीख कॅलेंडरवर लिहा. घरात कुणाची ईआरसीपी काही वर्षांपूर्वी झाली असेल आणि स्टेंट काढल्याचे कुणालाच आठवत नसेल, तर जुने कार्ड शोधा. ते हरवले असले तरी बिघडत नाही. बहुतेक स्टेंट पोटाच्या साध्या एक्स-रेमध्ये दिसतात. तो एक्स-रे घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडे या आठवड्यातच जा.